सायकल, किल्ली आणि चोरखिसा

सहावीच्या वर्गावर इतिहासाचा तास चालू होता. "किल्लेदार म्हणजे कोण?" असं मी विचारलं, तर मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या उठून म्हणाला, "बाई, ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या असतात तो!" वर्ग खो खो हसला. मीही हसले. तसं त्याचं अगदीच काही चुकलं नव्हतं. शिवकाळात गडाच्या दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत आणि संध्याकाळी दरवाजे बंद झाले की सकाळपर्यंत उघडत नसत. हिरकणीची गोष्ट तर पोरांना तोंडपाठ. पण खरं सांगते, हसता हसता माझा हात आपोआप कमरेशी गेला. माझी स्वतःची किल्ली जागेवर आहे ना, ते चाचपायला. गेल्या पावसाळ्यापासून लागलेली सवय आहे ही.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. साडेदहा ते साडेबारा एवढेच काय ते तास, बाकीचा दिवस घरचा. सहकारनगरातून निघायचं, मित्रमंडळ चौक, सारसबाग, टिळक रोड करत सदाशिव पेठेत. बसची वाट बघण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात मी सायकलवरून पोचते. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. सायकलला दिवा नसला किंवा डबलसीट बसलं की पोलीस कसा पकडायचा, याच्या गोष्टी माझे वडील अजून रंगवून सांगतात. २०१७ साली शहरासाठी सायकल आराखडाही झाला. पण आज टिळक रोडवरच्या स्कूटरींच्या गर्दीत, तिशी ओलांडलेली बाई पंजाबी ड्रेसवर सायकल मारत निघाली की लोक वळून बघतात, हे मात्र खरं!

तुम्ही म्हणाल, सायकलचं ठीक आहे, पण किल्लीवर काय लेख लिहायचा? मलाही पूर्वी तसंच वाटलं असतं. किल्ली ती काय! पर्समध्ये टाकली की झालं. पण सायकलवरची पर्स म्हणजे तरी कुठे असते हो? खांद्यावर अडकवली तर वाकल्याबरोबर घसरून गुडघ्यापुढे येते. म्हणून मग ती जाते पुढच्या टोपलीत. आणि माझी सगळी कथा त्या टोपलीतूनच सुरू होते.

आधी घरचं थोडं सांगायला हवं.

आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हातपाय उत्तम, डोळ्यांनी दिसतं, अजून फुलवाती माझ्यापेक्षा सुबक वळतात. पण चारेक वर्षांपासून विसरायला लागल्या. आधी नावं, मग वार, मग जेवलो की नाही ते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एकदा मी स्वयंपाकघरात असताना पायांत चपला घालून "मंडईत जाऊन येते गं" म्हणून निघाल्या. मला वाटलं खालच्या काकूंकडे चालल्यात. दोन तासांनी एक रिक्षावाले भले गृहस्थ त्यांना घेऊन आले. नारायण पेठेतलं आमचं जुनं घर शोधत होत्या त्या. ते घर पाडून तिथे इमारत उभी राहिली, त्याला पंधरा वर्षं झाली.

त्या दिवसापासून आम्ही धसका घेतला. सकाळी हे नऊला ऑफिसात जायचे, चिरंजीव शाळेत. मी दहाला निघायची ती पाऊण-एकपर्यंत यायची. मधले पावणेतीन-तीन तास आई एकट्या. मग आम्ही एक तोड काढली. आतलं लाकडी दार उघडं ठेवायचं, म्हणजे हवा राहते, त्यांना कोंडल्यासारखं वाटत नाही. बाहेरच्या सेफ्टी डोअरच्या कडीला कुलूप. गॅस सिलिंडरपाशी बंद. लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा मी चारचौघींत अभिमानाने सांगायची, की बघा कशी छान सोय केलीये!

आई पहिल्या दिवशी गजाला धरून एवढंच म्हणाल्या, "माझ्याच घरात मला कोंडतेस?" मी म्हटलं, "नाही हो आई, चोर येतात म्हणून." त्या विसरून गेल्या. मी नाही विसरले.

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. पाऊस भुरभुरत होता. तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टोपलीत ठेवला, कडेला पर्स खुपसली. घाईत कुलूप लावून किल्ली पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली आणि चेन लावायची राहिली. वाटेत दोन-तीन गतिरोधक. ओल्या रस्त्यात जरा जोरातच गेले. टोपलीच्या बुडाला तारेची जाळी असते, तिच्यातून पेन्सिलसुद्धा खाली पडते, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पावसाच्या आणि गाड्यांच्या आवाजात किल्ली पडल्याचा आवाज तो काय येणार!

पाऊण वाजता दारात उभी राहून पर्स उपडी केली, तेव्हा कळलं.

दुसरी किल्ली ह्यांच्याकडे, आणि हे हिंजवडीला. अशा पावसात तिथून यायला दीड तास तर सहज. तिसरी किल्ली घरातच, देव्हाऱ्याच्या खणात! आई गजापलीकडे जमिनीवर बसलेल्या. मला बघून उठल्या, "आलीस? उघड ना दार." मी म्हटलं, "आई, देव्हाऱ्याच्या खणात एक किल्ली आहे, लाल दोरा बांधलेली. तेवढी आणून देता?" "हो, देते की," म्हणून गेल्या. आल्या त्या चष्म्याचं घर घेऊन. पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द. "देव्हारा. खण. लाल दोरा." पुन्हा गेल्या. या खेपेला हातात फुलवातींचा डबा! "हेच ना गं?" किती आशेने विचारलं त्यांनी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. तिसऱ्यांदा गेल्या, आणि आल्याच नाहीत.

मी हाका मारतेय. आतून काही नाही. पडल्या असतील का? न्हाणीघरात गेल्या असतील का? गजातून हात घातला तर खांद्यापर्यंतच जातो. खालच्या काकू आवाज ऐकून वर आल्या. त्यांनी त्यांच्या मुलाला किल्लीवाल्याकडे पिटाळलं. तो येईपर्यंतची चाळीस मिनिटं मी दाराशी उकिडवी बसून होते. हिरकणी बिचारी गडावर अडकली होती आणि तिचं तान्हं घरी. पण तिला दारात कोणी दुसऱ्याने अडकवलं होतं. इथे कुलूप मीच घातलेलं.

किल्लीवाल्याने दोन मिनिटांत कुलूप उघडलं. दीडशे रुपये घेतले आणि वर म्हणाला, "ताई, असलं कुलूप दाराला लावत जाऊ नका." आई देव्हाऱ्यापुढे पाटावर बसल्या होत्या. खण काढून मांडीवर घेतलेला, सगळ्या वस्तू ओळीने जमिनीवर मांडलेल्या. लाल दोऱ्याची किल्लीसुद्धा त्यात होती. माझ्याकडे बघून आश्चर्याने म्हणाल्या, "अगं, तू कुठून आलीस? दार तर बंद होतं!"

संध्याकाळी काकू चहाला आल्या तेव्हा ह्यांच्यासमोर स्पष्टच बोलल्या. "किल्ली हरवली ते सोडा. तुम्ही दोघं बाहेर असताना घरात शॉर्टसर्किट झालं असतं, धूर झाला असता, तर त्या माऊलीने काय करायचं होतं?" आम्ही दोघंही गप्प. उत्तर नव्हतंच. ते कुलूप त्या दिवशी निघालं ते निघालं. आता त्या वेळात काकूंच्या ओळखीच्या एक निवृत्त बाई आईंपाशी येऊन बसतात. त्यांना आम्ही महिन्याला पैसे देतो. माझ्या अर्ध्या पगाराच्या वर जातात त्यात. कोणी विचारतं, मग नोकरी करतेस कशाला? त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी. दाराला घुंगरांची माळ लावली आहे, उघडलं की खाली काकूंनाही ऐकू जातं. आईंच्या बटव्यात आमचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड आहे. बाहेरून कुलूप मात्र नाही. तुमच्याकडे असं विसरणारं माणूस असेल आणि तुम्ही ते आत एकटं ठेवून कुलूप लावत असाल, तर एवढंच करा, की आज ते लावू नका.

आता किल्ल्यांविषयी. कुलूप गेलं तरी लॅचची किल्ली राहिलीच, आणि सायकलही राहिलीच. मी हा विषय अगदी परीक्षेला बसल्यासारखा हाताळला. हे चेष्टेने म्हणायला लागले, "बीएला एवढा अभ्यास केला असतास तर एव्हाना प्राध्यापक झाली असतीस!"

पहिली सूचना ह्यांचीच. "सायकलच्या किल्लीलाच अडकव की घरची." दिसायला फार सोयीचं आहे हे. मागच्या चाकाला जे गोल कुलूप असतं, त्याची किल्ली बहुतेक कुलपांत ते उघडं असताना आतच अडकून राहते, चाक बंद केल्याशिवाय निघत नाही. म्हणजे वाटेत पडायची भीती नाही. पण त्या किल्लीला घरचा जुडगा लोंबकळायला लागला की तो आऱ्यांच्या शेजारीच हिंदकळतो. सगळ्या रस्ताभर खुळखुळ, आणि एखादी लांब फीत असेल तर आऱ्यांत गुंतायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे, दोन मिनिटांसाठी म्हणून वाण्याच्या दुकानासमोर सायकल कुलूप न लावता उभी केली, तर तुमच्या घराची किल्ली रस्त्यावर उभी! सायकल गेली तर सायकलच जावी, घर जाऊ नये. या दोन किल्ल्यांचा संसार एकत्र नको, हे माझं ठाम मत झालं आहे. सीटखाली लावायच्या पिशवीचंही तेच. तिच्यात पंक्चरचं सामान ठेवा.

गळ्यात गोफ घालून बघितला. शाळेतून एकटी घरी येणारी मुलं घालतात तसा. वाकलं की किल्ली हँडलवर टकटक आपटते. ते एक वेळ चालेल, पण ब्रेकच्या दांडीत गोफ अडकला तर मान ओढली जायची. ओढणीच्या बाबतीत आपण सगळ्याजणी हे जाणतो. सायकलवर ओढणी छातीवर तिरकी घेऊन कमरेशी गाठ मारतो, नाहीतर चाकात जाते. मग गळ्यात मुद्दाम आणखी एक फास कशाला? मुलांनाही मी आता सांगते, सायकलवर असाल तर गोफ दप्तराच्या आतल्या कप्प्यात सेफ्टी पिनेने अडकवा.

पँटच्या खिशाचं पुरुषांना फार कौतुक. पण पायडल मारताना मांडी वर आली की पुढच्या खिशातली किल्ली टोचते, आणि तिरका खिसा असेल तर हळूहळू वर सरकत बाहेर येते. आमचे हे एकदा वाळूवरून घसरले, तर मांडीवर किल्लीचा दात न् दात उमटला होता. पंधरा दिवस काळानिळा! कुर्त्याचा बाजूचा खिसा आणखी वाईट. जड किल्ली असली की तो लोलकासारखा झुलतो आणि गुडघ्यावर आपटत राहतो.

मग आईंचा छल्ला आठवला. त्या दिवशी खणातल्या वस्तूंत तोही होता. चांदीचा, मोराचा, खाली तीन साखळ्या. लग्नानंतर पहिल्या संक्रांतीला त्यांनी तो माझ्या हातात दिला होता, "आता घर तुझं" म्हणून. मी नमस्कार केला आणि खणात ठेवून दिला. पंजाबी ड्रेसवर छल्ला कोण लावतंय! आता वाटलं, आपल्या आज्यांनी जन्मभर कमरेला किल्ल्या बाळगल्या, एकही हरवली नाही, त्यात काही अर्थ असणारच. नेफ्यात खोचून सायकलवर बसले. चौकापर्यंतसुद्धा जाववलं नाही. पुढे वाकलं की मोर पोटात रुततो आणि साखळ्या मांडीवर ताल धरतात. छल्ला चालणाऱ्या, बसणाऱ्या बाईचा. पायडल मारणारीचा नव्हे.

उत्तर मिळालं ते माझ्या भाचीकडे. ती आणि तिची मित्रमंडळी रविवारी पहाटे सायकलवरून खडकवासल्याकडे, कधी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातात. त्यांच्या त्या घट्ट रंगीबेरंगी बनियनला (ती रागावते, जर्सी म्हण म्हणते) खिसे पुढे नसतात, पाठीमागे कमरेच्या वर असतात. तीन. म्हटलं, पाठीला खिसे, हे काय खूळ? तर ती म्हणाली, "मावशी, सायकलवर हलत नाही असा अंगाचा एकच भाग असतो, तो हाच." अगदी खरं आहे बघा. पाय हलतात, पोट दुमडतं, हात हँडलवर. पाठ मात्र शांत. फक्त किल्ली बरोबर मणक्यावर नको, पडलं तर तिथेच लागायचं. थोडी उजवीकडे.

झालं! माझ्या आजीच्या पोलक्याला आतून चोरखिसा असे, तिकिटापुरते पैसे ठेवायला. तसाच मी कुर्त्याला आतून लावला. कमरेच्या थोडा वर, उजव्या शिवणीच्या मागच्या बाजूला. चार बोटं रुंद, बोटभर जास्त खोल. कापड मांजरपाटाचं घ्या. अस्तराच्या पातळ कापडाला किल्लीचे दात महिन्याभरात भोक पाडतात, हे मी अनुभवाने सांगते. वरून झाकण आणि त्याला टिचबटण. वेलक्रोही लावून बघितलं, पण धुण्यात त्याला ओढणीचे धागे चिकटून बसतात. मुख्य म्हणजे खिशाच्या तळाशी वीतभर नाडी पक्की शिवून तिच्या टोकाला हूक. किल्लीची कडी त्यात अडकवायची. झाकण लावायचं विसरलं तरी किल्ली नाडीला लोंबते, रस्त्यावर पडत नाही. साडीवर सायकल चालवणाऱ्यांनी हाच खिसा परकराच्या नेफ्याखाली मागच्या बाजूला लावावा. जुन्या कुर्त्यांचे काढून नव्यांना लावता येतात. मी सहा केले आहेत.

राहता राहिला खुळखुळाट. दोन-तीन किल्ल्या असल्या की त्या एकमेकींवर आपटत बडबडतात, एखाद्या भिशीसारख्या. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे टाकाऊ ट्यूब मागितली. कात्रीने तिच्या बोटभर रुंद चकत्या कापल्या. मस्त रबरबँड होतात, साध्या रबरासारखे उन्हाने लगेच तुटत नाहीत. किल्ल्या एकावर एक ठेवून त्यावर एक चकती चढवली, की चिडीचूप! पावसाळ्यात घरी आल्यावर ती काढून किल्ल्या पुसून ठेवायच्या एवढंच, नाहीतर रबराखाली ओल राहून गंज चढतो.

आणि जादा किल्ली? कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, चपलांच्या कपाटात ठेवू नका. आपल्याला सुचतं ते चोरालाही सुचतंच. आमची एक खालच्या काकूंकडे असते. आता बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपं निघाली आहेत, हे मागे लागलेत घेऊ या म्हणून. घेऊ कधीतरी. पण घरात बसलेल्या निवृत्त बाईंना, काकूंना, चिरंजीवांना सगळ्यांना ठसे द्यायला लावायचे, आणि आईंना ते शिकवायचं... मला तरी आत्ता उत्साह नाही.

छल्ल्याचं मात्र वाया गेलं नाही. तो मी आईंना परत दिला. त्यांच्या साड्यांच्या कपाटाची किल्ली आणि ती लाल दोऱ्याची जुनी किल्ली, दोन्ही त्याला अडकवून. लाल दोऱ्याचं कुलूप आता घरात नाही, पण ते त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. तो कमरेला खोचून त्या दिवसभर घरात फिरतात. छुमछुम ऐकू आलं की कळतं, आई कुठल्या खोलीत आहेत. सोबतीच्या बाईंना पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "किल्ल्या माझ्याकडे असतात हो, काही लागलं तर मला विचारा."

सकाळी काय खाल्लं ते त्या दुपारी विसरतात. परवा ह्यांना त्यांनी "कोण पाहिजे आपल्याला?" असं विचारलं, तेव्हा हे बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिले. पण मी सायकल काढायला निघाले की आई दारापर्यंत येतात आणि रोज, न चुकता, विचारतात, "किल्ली घेतलीस का गं?" मी पाठमोरी होऊन कमरेवर चापट मारून दाखवते. त्या आपल्या छल्ल्यावर हात ठेवतात. जिना उतरून मी खाली पोचते, तोवर वरून पुन्हा हाक येते, "अगं, किल्ली घेतलीस का?"